पुरेपूर वजनाचं लाकूड

मापसाहेबांनी नोकरीच्या चौतीस वर्षांत कुणाकडून गुंजभरही कमी माल घेतला नाही. आणि नेमक्या याच गुणापायी, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, त्यांनी अडीचशे किलो सरपण म्हणून जे घरी आणलं त्यात निम्मं पाणी होतं.

ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मापसाहेब म्हणायची. बाजारात ते लांबून दिसले की दुकानदार आधी काटा पुसायचे आणि मग नमस्कार करायचे. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. दुकानातून आलेले बटाटे स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा चढायचे आणि उत्तीर्ण झाले तरच टोपलीत जायचे. बायको एकदा म्हणाली, "मलाही एकदा चढवून बघा, लग्नात सांगितलं होतं तेवढंच भरतंय का." मापसाहेबांनी बटाट्यांकडे लक्ष वळवलं. कमी भरण्याची भीती नव्हती, आणि जास्त भरल्याची तक्रार कुठल्या खात्याकडे करायची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तर या प्रकरणाची सुरुवात झाली दोन शिंकांनी. लेकीला मुलगी झाली होती. नात एक महिन्याची झाली तेव्हा लेक आणि जावई तिला घेऊन आजी-आजोबांकडे आले. गाव डोंगरावरचं, इमारत जुनी, भिंती दगडी, आणि थंडी अशी की सकाळी तेलाची बाटली उलटी धरली तरी तेल जागचं हलत नसे. मापसाहेबांनी नातीसाठी मुद्दाम नवा विजेचा हीटर आणून ठेवला होता. तो लावला आणि फ्यूज उडाला. फ्यूज बदलून पुन्हा लावला तेव्हा अख्ख्या इमारतीची वीज गेली. खोली गार पडली आणि नातीनं दोन शिंका दिल्या. दोनच. पण जावयानं घड्याळ पाहिलं, लेकीनं बाळाला तिसरी शाल गुंडाळली आणि चारच्या बसनं तिघं परत गेली. पाच तासांच्या त्या भेटीत नात आजोबांच्या मांडीवर अकरा मिनिटं होती. हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, रागावू नका. पण एवढ्या गारठ्यात तिला घेऊन राहणं जमत नाही हो. एक खोली दिवसभर गरम राहणार असेल तर मी महिन्याभरानं येते, चांगली पंधरा दिवस राहते. नाहीतर मग उन्हाळ्यातच येऊ."

उन्हाळ्याला पाच महिने होते. पाच महिन्यांत मूल बसायला लागतं, माणसं ओळखायला लागतं आणि अनोळखी माणसानं उचललं की रडायला लागतं. आपल्याच नातीनं आपल्याला बघून भोकाड पसरावं, ही कल्पना मापसाहेबांना काही केल्या सोसवेना. त्यांनी त्याच दिवशी बायकोला सांगितलं की महिन्याच्या आत खोली गरम होईल, मग काय वाटेल ते होवो. बायको म्हणाली, "काय वाटेल ते होतंच असतं आपल्याकडे. खोली गरम होईल तेवढं बघा."

वरच्या मजल्यावर एक प्रोफेसर राहायचे. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, पण शिकवायचं राहून गेल्यासारखे जिन्यात माणूस सापडला की तास घ्यायचे. मापसाहेबांनी त्यांना हीटरचं दुःख सांगितलं. प्रोफेसरांनी जिन्याचा लाकडी कठडा थोपटला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"कठडा."

"हे ऊन आहे. साठवलेलं ऊन. झाडाचं पान काय करतं? हवेतला कार्बन घेतं, मुळांनी ओढलेलं पाणी घेतं, आणि उन्हाच्या जोरावर दोन्ही जोडून लाकूड बनवतं. जाळलंत की ते जोड सुटतात आणि आत अडकवून ठेवलेली उष्णता बाहेर पडते. चाळीस वर्षांचं झाड म्हणजे चाळीस उन्हाळे एकावर एक रचून ठेवलेत. वाळकं लाकूड घ्या, किलोभरात चार हजारांवर कॅलरी. तुमचं माझं दिवसभराचं खाणं असतं दोन हजारांचं. म्हणजे किलोभर लाकडात दोन माणसांचा एक अख्खा दिवस बसलाय. आणि गंमत सांगू? वाळकं असलं की झाड कुठलंही असो, किलोला उष्णता जवळजवळ तेवढीच."

आता या व्याख्यानात लाकूड वाळकं असण्याची अट दोनदा आली होती. पण मापसाहेबांच्या डोक्यात शिरला तो किलो. निसर्ग आपली उष्णता किलोवर देतो, आणि झाड कुठलंही असो, माप मारत नाही, हे ऐकून त्यांना भरून आलं. एवढा प्रामाणिक व्यवहार त्यांनी बाजारात कधी पाहिला नव्हता. प्रोफेसर वर गेले तरी ते बराच वेळ कठड्यावर हात ठेवून उभे होते, आणि त्यानंतर जिना उतरताना त्यांनी त्यावर भार टाकणं सोडून दिलं.

वेल्डरकडून जाड पत्र्याची बंद शेगडी करून घेतली. पुढे छोटं दार, खाली राखेचा कप्पा, मागून निघणारं धुराडं खिडकीतून बाहेर. काम इतकं नेटकं झालं की बायकोनं तिच्यावर फुलदाणी ठेवून पाहिली. पण धुराडं बाहेर काढायचं तर पालिकेची परवानगी हवी, आणि मापसाहेबांसारखा माणूस बिनपरवाना धूर सोडणं शक्य नव्हतं.

खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनानं त्यांना अर्ज दिला. त्यावर धुराड्याचे तीनच प्रकार छापले होते: कारखाना, भट्टी आणि स्मशान.

"यात घर कुठे आहे?" मापसाहेबांनी विचारलं.

"घराला धुराडं कशाला लागतं?"

"खोली गरम करायला."

"मग भट्टीत घाला. नाहीतर स्मशानात घालू का?"

मापसाहेबांनी घाईघाईनं भट्टीवर खूण केली. कारकून पुढे विचारत गेला. कामगार किती? मापसाहेब म्हणाले, मी आणि माझी बायको. पाळ्या किती? एकच, सकाळी सुरू केली की संध्याकाळपर्यंत. उत्पादन काय? इथे मापसाहेब अडले. बराच विचार करून म्हणाले, "ऊब." कारकुनानं मान वर न करता लिहून घेतलं: ऊब, दैनिक.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. मापसाहेबांना मात्र आतून ओशाळल्यासारखं झालं. आपल्या ऐन उमेदीत त्यांनी एका फुगेवाल्याकडे, फुग्यात हवा कुठल्या मापानं भरतोस, याचा लेखी खुलासा मागितला होता. त्या फुगेवाल्याचा चेहरा त्यांना खिडकी क्रमांक चारसमोर पहिल्यांदा आठवला. चार खेपा झाल्या, तीन शिक्के बसले, आणि भट्टी मंजूर झाली.

राहिलं लाकूड. गावाच्या टोकाला एका बाईंची वखार होती. सगळे त्यांना मावशी म्हणत. वय साठीच्या पुढे, आवाज कमी, आणि उजव्या हाताचा अंगठा कुऱ्हाडीचा दांडा धरून धरून थोडा बाहेर वळलेला. मापसाहेबांची त्यांची ओळख जुनी होती. नोकरीत असताना त्यांनी एक अख्खा दिवस खर्चून वखारीचा काटा तपासला होता आणि तो अगदी बिनचूक निघाल्यामुळे थोडे निराशही झाले होते.

मावशींनी त्यांना डावीकडच्या ढिगाशी नेलं. राखाडी पडलेली लाकडं, टोकांना चिरा गेलेल्या, साल सुटलेली. त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर आपटले. "हे घ्या साहेब. दोन वर्षांचं वाळलेलं आहे. तुम्हाला घरात जाळायचंय, तर हेच घ्या."

मापसाहेबांनी एक तुकडा हातात तोलला. मग उजवीकडच्या ढिगातला तेवढ्याच मापाचा, पिवळसर, ताजा तुकडा दुसऱ्या हातात घेतला. राखाडी तुकडा जवळजवळ निम्म्यानं हलका होता. चौतीस वर्षांचा अनुभव जागा झाला. जो माल दिसायला तेवढाच आणि भरायला निम्मा, त्याच्यात काहीतरी काळंबेरं असतं.

"याच्यातलं सत्त्व उडून गेलंय, मावशी."

"सत्त्व नाही हो, पाणी उडालंय. ते उजवीकडचं पंधरा दिवसांपूर्वी तोडलंय. ओलं आहे. या हिवाळ्यात उपयोगाचं नाही ते."

"पाणी गेलं म्हणजे वजन गेलं," मापसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "आणि वजन गेलं म्हणजे माल गेला. मला ताजं द्या."

जुना माल आधी खपवायचा आणि ताजा मागे ठेवायचा, ही दुकानदारांची युक्ती त्यांना नवी नव्हती. मावशींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा ढिगाकडे पाहिलं. वजनाच्या साहेबांना वजनातलं काय सांगायचं, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी अडीचशे किलो ताजं लाकूड तोलून दिलं, आणि काटा बरोबर आल्यावर वर आणखी एक ओंडका टाकला. मापसाहेब घरी येईपर्यंत त्या ओंडक्यावर खूश होते. दोन हमालांनी इमारतीचे जिने चढताना, लाकडात दगड भरलेत का, असं विचारलं तेव्हा तर त्यांना आपल्या निवडीचा अभिमानच वाटला.

लेक यायला चौदा दिवस होते तेव्हा त्यांनी दुपारी शेगडी पेटवून बघायचं ठरवलं. कागद पेटले, काड्या पेटल्या, मोठी लाकडं मात्र पेटेनात. ती सुंसुं करू लागली. त्यांच्या टोकांना फेस आला, फेसाचे थेंब निखाऱ्यांवर पडून चुरचुरले, आणि मग दाट पिवळा धूर निघाला. काही धूर धुराड्यातून बाहेर गेला, पण बराचसा दाराच्या फटीतून खोलीत आला, खोलीतून जिन्यात गेला आणि तिथून भेदभाव न करता सगळ्यांच्या घरी पोचला.

सल्ला द्यायला माणसं जमायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, थोडं रॉकेल ओता. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, वारा घाला. मापसाहेबांनी वर्तमानपत्रानं वारा घातला तेव्हा धूर दुप्पट झाला, तर शिंपी म्हणाला की वारा उलट्या बाजूनं घालायला हवा होता. कुणी म्हणालं धुराडं आखूड आहे, कुणी म्हणालं लांब आहे. तेवढ्यात कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. एरवी त्यांना यायला किती वेळ लागला असता कोण जाणे, पण पत्त्यावर भट्टीची नोंद असल्यामुळे गाडी आठव्या मिनिटाला दारात उभी राहिली.

दलाचा प्रमुख जिने चढून आला आणि म्हणाला, "आधी कामगारांना बाहेर काढा."

बायको स्वयंपाकघरातून डोळे पुसत बाहेर आली. "काढा," ती म्हणाली. "मी एकटीच आहे. दुसरा त्या वर्तमानपत्रामागे बसलाय."

प्रमुखानं शेगडीचं दार उघडून आत पाहिलं. एक लाकूड चिमट्यानं ओढून बाहेर काढलं, त्याच्या टोकाचा फेस बोटावर घेतला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, हे जळत नाहीये. शिजतंय."

जमलेली मंडळी हसली. मापसाहेबांचा चेहरा उतरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही गणवेशातल्या माणसासमोर. मंडळी पांगल्यावर प्रोफेसर मागे थांबले आणि त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "लाकडात ऊन आहेच हो, ते कुठे गेलेलं नाही. पण आत पाणी असलं की आधी ते उकळून त्याची वाफ करावी लागते. त्यातच बराच जोर खर्च होतो, आणि जाळ तापत नाही म्हणून उरलेलं धूर होऊन निघून जातं. चाळीस उन्हाळे तुम्ही पाणी उकळायला लावलेत."

म्हणजे आपण पाणी तोलून आणलं. सव्वाशे किलो पाणी, वर एक ओंडका. संध्याकाळी बायकोनं काही टोमणा मारला नाही, त्यावरून मापसाहेबांना कळलं की गोष्ट खरोखर हाताबाहेर गेली आहे.

सकाळी ते नाक मुठीत धरून वखारीत गेले. रस्ताभर त्यांनी मनातल्या मनात खुलासा तयार केला होता. पण मावशींनी त्यांचा धुरकटलेला शर्ट पाहिला आणि खुलासा मागितलाच नाही.

"बदलून देता येईल का?" मापसाहेबांनी विचारलं.

"वाळलेलं संपलं साहेब. परवाच बेकरीवाला सगळं घेऊन गेला. घरामागे थोडं आहे, पण ते माझ्या चुलीचं आहे. हिवाळाभर पुरवायचंय मला."

मापसाहेब तसेच उभे राहिले. मग त्यांनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं: नात, दोन शिंका, अकरा मिनिटं, आणि लेक यायला उरलेले तेरा दिवस. मावशी ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी दोन लाकडं उचलली. "तेरा दिवस आहेत ना? मोठे ओंडके नाही वाळायचे. पण बारीक फोडलं, ऊन-वाऱ्यात नीट मांडलं, तर थोडं तरी पुढे सरकेल. आधी ओळखायला शिका."

त्यांनी दोन ओली लाकडं एकमेकांवर मारली. ढप, असा बसका आवाज झाला. मग घरामागची दोन वाळकी आणून मारली, आणि खणखणीत आवाज सगळ्या वखारीत घुमला. मापसाहेबांनी मावशींना पाठमोरं उभं करून परीक्षा घेतली. कुठल्याही ढिगातली लाकडं आपटून दाखवली, तरी मावशी न बघता सांगायच्या की हे महिन्याचं, हे तीन महिन्यांचं, याला मधे पाऊस लागलाय. एकदाही चुकल्या नाहीत. मापसाहेबांनी उभ्या आयुष्यात हजारो काटे तपासले होते, पण नुसत्या कानानं पाणी तोलणारा काटा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांच्या मनात आलं की खात्यानं या बाईंना निदान एक खुर्ची तरी द्यायला हवी होती.

मग फोडायचा धडा. मापसाहेबांनी कुऱ्हाड जोरात घातली ती लाकडात रुतून बसली आणि काही केल्या निघेना. मावशींनी ती हलवून सोडवली. "त्याच्याशी भांडू नका. तोंडावर रेघा दिसतात ना? त्याला जिथं फुटायचंय तिथंच मारा. गाठीच्या वाटेला जाऊ नका." त्यांनी हात फारसा वर न नेता कुऱ्हाड सोडली. ओंडक्याचे दोन सारखे भाग झाले आणि दोन बाजूंना पडले.

"आणि वाळलं हे कधी कळणार? मला काही तुमच्यासारखा कान नाही."

"तुम्हाला कान कशाला हवा? रोज तोला. लाकूड वाळतं तसं हलकं होतं. एक दिवस हलकं व्हायचं थांबतं. थांबलं की तयार."

मापसाहेब चकित झाले. वजन घटल्यावर ज्याची प्रत वाढते असा माल त्यांच्या कुठल्याच नियमपुस्तकात नव्हता. पण मोजायला काहीतरी मिळालं होतं, आणि मोजायला मिळालं की त्यांच्या अंगात बळ यायचं.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर काम सुरू झालं. कमरेला पट्टा बांधून ते रोज सकाळी फोडायला बसत. पहिल्या दिवशी हाताला चार फोड आले, तिसऱ्या दिवशी लाकूड त्यांचं थोडं ऐकायला लागलं. निम्म्या लाकडाच्या मनगटाएवढ्या फोडी झाल्या. वारा मधून जाईल अशा त्या आडव्या-उभ्या रचल्या, वर पत्रा टाकला. वीस फोडींवर खडूनं आकडे घातले आणि स्वयंपाकघरातला काटा गच्चीवर गेला. रोज सकाळी त्या वीस फोडींची हजेरी व्हायची. सात नंबर नव्वद ग्रॅम उतरला. बारा नंबर मागे आहे, त्याला उन्हात हलवा. समोरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या की विचारायच्या, आज कोण पास झालं? शिंप्यानं लाकडांना इस्त्री करून द्यायची तयारी दाखवली. मापसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी त्यांनी अशा माणसाशी वर्षभर बोलणं टाकलं असतं.

प्रोफेसरही यायला लागले. एकदा ते फोड हातात घेऊन तिच्यावरची वर्तुळं मोजत बसले आणि म्हणाले, "मी तीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं. पण ऊन असं हाताला लागेल इतकं जवळून पाहिलं नव्हतं." मापसाहेबांना त्या क्षणी ते फार आवडले.

पण वजन घटायचं थांबेना. लेक यायला तीन दिवस राहिले तरी रोज प्रत्येक फोड काही ना काही उतरतच होती. म्हणजे आत अजून पाणी होतं. मापसाहेबांनी दोन फोडी शेगडीत घालून पाहिल्या. आधीपेक्षा पुष्कळ बऱ्या पेटल्या, पण धूर होताच, आणि ज्या खोलीत दोन महिन्यांचं मूल ठेवायचं तिथे थोडा धूरही चालणार नव्हता.

"फोन करून सांगा तिला," बायको म्हणाली. "ऐन वेळेला परत पाठवण्यापेक्षा बरं."

मापसाहेब फोनपाशी गेले. दोनदा नंबर फिरवायला घेतला आणि ठेवला. आपण खरंच मनापासून राबलो, आणि तरी जमलं नाही, असं लेकीला सांगायचे शब्द त्यांना सापडत नव्हते. फुगेवाल्याला खुलासा लिहिताना असंच झालं असेल का, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात खालून हाक आली. मावशी हातगाडी घेऊन आल्या होत्या, आणि गाडीवर राखाडी, चिरा गेलेलं लाकूड रचलं होतं. त्या आधी गच्चीवर गेल्या. रचलेली थप्पी त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिली, खडूचे आकडे पाहिले, दोन फोडी आपटून ऐकल्या. 

"इतकं निगुतीनं मांडलेलं लाकूड माझ्या वखारीतसुद्धा नाही साहेब," शेवटी त्या म्हणाल्या. "अजून सहा आठवड्यांत हे उत्तम होईल. हे मला द्या. खाली माझ्या चुलीचं आणलंय ते तुम्ही घ्या."

"आणि तोवर तुमच्या चुलीचं काय?"

"वखारीत ढलप्यांना काय तोटा? त्यावर माझं भागतं. तान्ह्या पोरीचं नाही भागायचं."

मापसाहेबांना आभार मानायचे होते. तोंडातून निघालं ते असं, "गाडीवरचं किती आहे? तोलून घेऊ या." मावशी पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "तोला. तुम्हाला त्याशिवाय झोप यायची नाही." ते एकशे ऐंशी किलो भरलं. मापसाहेबांनी तो आकडा बायकोला अशा आवाजात सांगितला की तिनं त्यांच्या हातात मुकाट्यानं पाण्याचा पेला दिला.

लेक आली त्या दिवशी त्यांनी पहाट सरताच शेगडी पेटवली. वाळकं लाकूड कुरकुर न करता पेटलं. ज्योत पिवळी, स्वच्छ, आणि काचेसारखी स्थिर. तासाभरात दगडी भिंतीला हात लावला तर ती कोमट लागली. कित्येक वर्षं झाडात साठून राहिलेलं ऊन खोलीत उतरत होतं, आणि त्याला ना आवाज होता ना वास. दुपारपर्यंत सहा किलो लाकूड जळलं आणि राखेच्या कप्प्यात ओंजळभर राख जमली. बाकीचं सगळं ऊब होऊन गेलं, असं म्हणत मापसाहेब ती राख प्रोफेसरांना दाखवून आले. प्रोफेसरांनी टोपी काढावी तसा चष्मा काढला.

जावयानं बॅग दाराशीच ठेवली. परतीचं तिकीट त्याच्या वरच्या खिशात होतं आणि त्याचं टोक बाहेर दिसत होतं. लेक खोलीत आली, मधोमध उभी राहिली आणि हवेचा अंदाज घेऊ लागली. मापसाहेब शेगडीजवळ, निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे होते. लेकीनं बाळाची तिसरी शाल काढली. थोडं थांबून दुसरी काढली. मग टोपडं, आणि मग मोजे.

नातीनं पाय झाडले. इतके दिवस गुंडाळून ठेवलेले ते पाय, आपले आहेत हे तिला बहुधा नव्यानंच कळत होतं. लेकीनं तिला आजोबांच्या मांडीवर ठेवलं, आणि तिनं उघडी पावलं त्यांच्या फोड आलेल्या तळहातावर टेकवून जोरात रेटा दिला. जावयानं स्वेटर काढला. मग बॅग दारापासून उचलून आत नेली. मापसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

कपडे वाळत घालायला म्हणून लेक संध्याकाळी गच्चीवर गेली आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, वर ते एवढे ओले ओंडके कशाला ठेवलेत?"

ते न फोडलेले निम्मे ओंडके होते. मावशींनी फक्त फोडी नेल्या होत्या.

"ते पुढच्या हिवाळ्याचं आहे," मापसाहेब म्हणाले. "वर्षभर वाळावं लागतं." आणि मग आपण न विचारताच फार पुढचं गृहीत धरलं असं वाटून ते घाईनं म्हणाले, "म्हणजे तुम्ही आलात तर."

लेकीनं आजीच्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पलीकडच्या गार खोलीकडे.

"पुढच्या हिवाळ्यात ही चालत असेल," ती म्हणाली. "एका खोलीत नाही राहायची. एवढं लाकूड पुरायचं नाही बाबा. आणखी आणून ठेवा."

 मापसाहेब शेगडीपाशी उकिडवे बसले, दार उघडलं, आणि झकास पेटलेल्या जाळावर उगाचच फुंकर घालत राहिले. खोलीत त्या दिवशी धूर औषधालाही नव्हता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं खापर फोडायला त्यांना काहीच सापडलं नाही.